आठव्या रांगेतली डावी खिडकी

डावी बाजू घ्यावी की उजवी, या एका काळजीनं प्रेरणाला रात्रभर झोप नव्हती. हे ती कडेला बसलेल्या बाईंना सांगत होती आणि मी ऐकत होते. मी विमानातली सीट बोलतेय. आठवी रांग, डावीकडची खिडकी.

माझा जन्म कारखान्यातला. आधी सांगाडा, मग फोम, मग निळं कव्हर. इतर सीटांसारखीच मी, पण नशिबानं पंखाच्या पुढं आले. मागच्या काही रांगांतून नुसता पंख दिसतो. एका रांगेला तर खिडकीच्या जागी भिंतच आहे. म्हणून लोक मला हट्टानं मागून घेतात. मग येऊन बसतात, झडप ओढतात आणि मोबाइल काढतात. खालून डोंगर जातो, नदी जाते, यांना पत्ता नसतो. आता माझा एक हात खिळखिळा झालाय, शिवण उसवलीय. पुढच्या दुरुस्तीत मला काढणार, असं झाडलोट करणारे बोलत होते.

त्या सकाळी छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीला निघताना माझ्यावर पाच वर्षांची राजनंदिनी बसली. शेजारी तिची आई, प्रेरणा. नवऱ्यानं वाळूजची नोकरी सोडून तिकडं नवी धरली होती, म्हणून मायलेकी कायमच्या चालल्या होत्या. मागं राहिले प्रेरणाचे वडील सोनाजी, सगळ्यांचे आबा. मेंढ्या राखणारा माणूस. नातीला त्यांनी शब्द दिला होता, "तुझं विमान वरून गेलं की मी पागोटं सोडून हलवीन. तू बी हात कर."

"आबा कन्नडकडच्या डोंगरात असतात," प्रेरणा बाईंना समजावत होती. "दिल्लीला जाताना ते डावीकडं येतं. सकाळचं ऊन उजवीकडून, म्हणजे डावीकडं हिचे डोळेही दिपणार नाहीत. नकाशा उलटासुलटा करून बघितला. एवढा अभ्यास बी.एड.ला केला असता तर! तेवढ्या उंचीवरून मेंढरं दिसायची नाहीत, हे कळतं हो मला. पण हिनं हात तरी बरोबर बाजूला करावा."

मग तिनं आबांना फोन लावला.

"आबा, डावी खिडकी मिळाली बरं का. डोंगरावर थांबा."

"कुठल्या डोंगरावर? अगं माय, आम्ही काल हाललो की! अजिंठ्याकडं. पुंडलिकरावानं वावरात मेंढ्या बसवायला बोलावलं. नाय कसं म्हणू?"

"आबा! मला सांगायचं तरी!"

"आता हे बी सांगायचं व्हय? धनगराची लेक ना गं तू?"

प्रेरणानं फोन ठेवला. शेतात मेंढ्या रात्रभर बसवल्या की लेंड्यांचं खत आपसूक होतं. शेतकरी बोलावतात, मेंढ्या-माणसांचा तळ, म्हणजे वाडा, तिकडं हलतो. याच्यातच ती वाढली होती. शहरात राहून मात्र तिनं आबांना नकाशावर एका जागी ठेवून दिलं होतं.

अजिंठा उजवीकडं. पलीकडच्या खिडकीशी एक गृहस्थ पट्टा लावून बसले होते. जागा बदलता का, असं त्यांना विचारायला ती अर्धी उठली, तेवढ्यात विमान हललं. ती खाली बसली.

आम्ही वर चढलो. राजनंदिनीनं काचेला नाक लावलं. "आई, आबा कुठंत?"

खाली पांढरे ठिपके खूप होते. दगड असतील, घरं असतील. प्रेरणाचं बोट एका ठिपक्याकडं गेलं आणि अर्ध्यात थांबलं. तिच्या कोपराचा सगळा भार माझ्या खिळखिळ्या हातावर आला.

"बाळा, आईनं चुकीची खिडकी घेतली. आबा त्या बाजूला आहेत. तिथूनही दिसणार नाहीत कदाचित. पण आहेत तिकडंच."

पोरीनं नाक तसंच काचेला टेकवून ठेवलं. काचेवर तिच्या श्वासाचा डाग धरला आणि विरला.

मला काढतील तेव्हा माझी तक्रार नसेल. माझ्या जागी जी येईल, तिच्यावर बसलात तर झडप थोडी उघडी ठेवा, एवढंच. खाली कुणीतरी मान वर करून उभं असतं.

पलीकडच्या गृहस्थांनी उन्हामुळं झडप ओढून घेतली होती. राजनंदिनी पट्ट्यातल्या पट्ट्यात वळली, आईच्या मांडीवर रेलली आणि भर विमानात ओरडली,

"ओ काका, ते उघडा ना! माझ्या आबांना हात करा. मेंढ्या लई असतील, पण आबा एकच हायत."