खपली पडायच्या आधी

निजामाच्या मुलखातल्या मुरुडच्या बाजारात ठेच लागून शरणम्माच्या तोंडून ‘अय्यो अव्वा’ निघालं आणि कडुलिंबाखाली बसलेल्या बाईनं मान वर केली.

“यावूरव्वा?”

कुठल्या गावची गं तू, एवढंच तिनं विचारलं होतं. पण लग्न होऊन इकडं आल्यापासून शरणम्माला तिच्या भाषेत कुणी काही विचारलंच नव्हतं. ती तिथंच बसली. म्हणाली, भालकीकडची.

बाईचं नाव गौरम्मा. ती गोंदणारी होती. शरणम्माला गोंदून घ्यायचं नव्हतं, पण नुसतं किती वेळ बसणार? तिनं डावा हात पुढं केला आणि मोर काढ म्हणाली. सुया टोचत होत्या, काजळी रक्तात मिसळत होती आणि दोघी कानडीत बोलत होत्या. आई कशी आहे, विहिरीला पाणी आहे का, असलंच काहीबाही. दुखत होतं, तरी मोर लवकर संपू नये असं शरणम्माला वाटत होतं.

“हळद आन् खोबरेल लावत जा,” उठताना गौरम्मानं तिला कानडीतच समजावलं. “हात भिजवू नको. खाज सुटंल, खाजवू नको. खपली आपोआप पडू दे. पुढल्या बाजारी दाखवायला ये. कुठं राहिलं असंल तर भरून देते.”

घरी सासू, कस्तुराबाई. नवरा श्रीमंत संक्रांतीनंतर बार्शीकडं गेला होता, सरहद्दीपलीकडच्या क्याम्पात. तिथली पोरं निजामाच्या नाक्यांवर चालून जातात, असं लोक कुजबुजत. तेव्हापासून शेजारपाजारचं कुणी ओट्यावर टेकत नव्हतं. कस्तुराबाईला कानडी येत नव्हतं आणि शरणम्माचं मराठी पाणी, भाकर, सरपण एवढ्यावर संपत होतं. दिवस दिवस दोघी न बोलता राहायच्या.

हात सुजला, ठणकला. शरणम्मा दुपारी चुलीपाशी बसून हळद लावायची आणि गौरम्माचं बोलणं तिच्यासारखंच स्वतःशी म्हणायची. सूज ओसरली, मोरावर काळसर खपली धरली. बाजार जवळ आला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हात तर बरा व्हायलाय. मग दाखवायला काय न्यायचं? तिनं नखानं खपलीची कड उचलली.

बाजारात लिंबाखाली कुणी नव्हतं. वाटेवर रझाकार बैलगाड्या अडवतात म्हणून लांबची माणसं आली नव्हती. पुढच्या खेपेला येईल, असं म्हणून ती परतली आणि त्या आठवड्यातही तिनं खपली धरू दिली नाही. पुढच्या बाजारीही लिंबाखाली जागा मोकळीच होती. हात पिकला. अंगात ताप भरला.

गोठ्यात तिला खपली काढताना कस्तुराबाईनं पाहिलं.

“काय करायलीस, शरणे?”

“आत्याबाई, हात बरा झाला तर… ती बाई… बोलायला…” पुढचे मराठी शब्द तिच्यापाशी नव्हते.

कस्तुराबाईनं लिंबाचा पाला टाकून पाणी उकळलं. सुनेचा हात मांडीवर घेऊन जखम धुतली, हळद दाबून भरली, वर जुन्या धोतराची चिंधी बांधली.

“माझं पोरगं तरी कुठं बोलतंय माझ्याशी,” ती खाली बघत म्हणाली. “हाय का न्हाई, तेबी ठाव न्हाई.”

शरणम्माला त्यातलं ‘पोरगं’ आणि ‘न्हाई’ तेवढं कळलं. चिंधी बांधून झाली तरी सासूनं हात सोडला नव्हता.

“हळदीला तुमच्यात काय म्हन्तेत?”

“अरिशिण.”

“अरशीन,” कस्तुराबाई म्हणाली. शरणम्मानं चूक सुधारली नाही.

रोज सकाळी कस्तुराबाई चिंधी बदलायची. हात बरा झाला. मोराचा पिसारा मात्र पुसटला, जवळून पाहिल्याशिवाय कळत नव्हता. उन्हाळ्यात बाजार भरायचाच बंद झाला. गौरम्मा कुठं गेली, कुणाला सांगता येईना. बार्शीकडूनही काही कळलं नाही.

सासूसुनेचं बोलणं त्या एका शब्दापुढं गेलं नाही. दुपारी कस्तुराबाईचा डोळा लागला की शरणम्मा गोठ्यात म्हशीजवळ जाऊन बसायची आणि आज काय रांधलं, कोण वाटेनं गेलं, ते तिला कानडीत सांगायची. म्हैस रवंथ करत राहायची.