कोणता लाल

डाग टाचणीच्या डोक्याहून मोठा आणि शर्टाच्या बटणाहून लहान होता. कारखान्याच्या स्वच्छतागृहातल्या एकुलत्या एका दिव्याखाली तिने तो आधी डावीकडून पाहिला, मग उजवीकडून, जसे ती दिवसभर लोखंड पाहत असे तसे. कडा धूसर, रंग लाल. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. हे पक्के ठाऊक असूनही दाराची कडी नीट लागली आहे ना, ते तिने दोनदा पाहिले.

गर्भाशय काढून टाकल्यापासून ती आतले कपडे फक्त पांढरे वापरत असे. जाऊबाईंना याचे फार नवल वाटे. काळ्यावर काही दिसत नाही म्हणून तर बायका काळे घेतात, असे त्यांचे म्हणणे. मला दिसायलाच हवे आहे, असे तिने एकदा सांगून पाहिले. तेव्हापासून जाऊबाई तिच्याकडे पाहताना मान किंचित तिरकी करत.

पंपांची ओतीव कवचे तिच्या टेबलावर येत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग त्यांत आहे का, हे शोधणे तिचे काम. पद्धत जुनी आणि साधी होती. कवचावर तांबडा रंग फवारायचा आणि तो भेगेत झिरपेपर्यंत हात बांधून थांबायचे. मग क्लीनरने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने वरवरचा रंग पुसायचा, आणि शेवटी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर द्यायचा. भेग असली तर आत दडलेला रंग त्या पांढऱ्यावर हळूहळू उमटतो. कारखान्यात याला 'रक्त येणं' म्हणत. अमक्या कवचाला रक्त आले, हे वाक्य तिथे रोज कोणी ना कोणी उच्चारी, आणि ऐकणारे कोणी मानही वर करत नसे.

हा तांबडा रंग चिवट होता. हातमोजे घातले तरी तो नखांच्या कडेला सापडे, घड्याळाच्या पट्ट्याखाली सापडे. एकदा तर कानामागे सापडला होता. तेव्हा डागाच्या दोनच शक्यता होत्या, आणि पंचाईत अशी की दोन्ही पूर्वी खऱ्या ठरल्या होत्या.

आजार कळला तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. त्याआधीचे सबंध वर्ष रक्त जात होते आणि सगळे तिची समजूत घालत होते. आई म्हणाली, बाईच्या जन्माला हे असतेच. घरच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला आणि ताण न घ्यायला सांगितले. तिने दोन्ही आज्ञा पाळल्या. रक्ताने एकही पाळली नाही. अखेर एका मोठ्या रुग्णालयात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला गेला, आणि नंतर सारे इतक्या वेगाने घडले की मूल हवे की नको हा प्रश्न नवराबायकोत नीट चर्चेला येण्याआधीच निकालात निघाला. जाऊबाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बरंच झालं म्हणायचं, दर महिन्याची कटकट गेली." त्यांना धीरच द्यायचा होता. ते वाक्य तिने आजवर विसरून पाहिले होते, जमले नव्हते.

किरणोपचार संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की परत येण्याची शक्यता कमी आहे. आलेच तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. रक्त दिसले तर लगेच या. कमी म्हणजे किती, असे तिने विचारले. त्यांनी न कंटाळता आकडा सांगितला. आकडा शंभर बायकांचा होता. तिला एकीचा हवा होता, आणि तसा आकडा शास्त्राकडे नसतो हे तिला कळत होते. घरी मात्र सगळे 'आता काही ते परत येत नाही' असे ठामपणे म्हणत, जणू भांडून गेलेल्या पाहुण्याविषयी बोलावे तसे.

पहिल्या खेपेस दिसले ते रक्तच होते. किरणांनी आतली त्वचा पातळ झाली आहे, तिथून आले, बाकी काही नाही, असे निघाले. दुसऱ्या खेपेस नवरा शिकवण्या रद्द करून तिला घेऊन गेला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवी. डॉक्टरीणबाईंना काहीच सापडले नाही. संध्याकाळी तो डाग पाण्याने निघेना, तेव्हा नवऱ्याने सहज थिनरचा बोळा लावून पाहिला आणि डाग साफ निघाला. कारखान्यातला रंग होता. त्या दिवशी तो इतका हसला की शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग ती गोष्ट त्याने भावाला सांगितली, भावाने जाऊबाईंना. तेव्हापासून तिचा चेहरा जरा उतरलेला दिसला की घरात कोणीतरी विचारी, "कोणता लाल?"

निकष मात्र त्यातून पक्का हाती लागला होता. रक्त गार पाण्याने जाते, थिनरने हलत नाही. रंग थिनरने जातो, पाण्याला दाद देत नाही. क्लीनर म्हणजे थिनरचाच भाऊ. ती टेबलावरून क्लीनरचा डबा घेऊन आली. बोळ्याला क्लीनर लावायचा आणि बोळा डागाच्या एका कडेला टेकवायचा, बस्स. हे ती झोपेतही करू शकली असती. तिने डब्याचे तोंड डागावर रोखले आणि सरळ फवारा मारला.

क्लीनर थेट फवारायचा नाही, ही या कामातली पहिल्या दिवसाची शिकवण. थेट फवारला की वरवरच्या रंगाबरोबर भेगेतलाही रंग धुऊन निघतो आणि फुटके कवच साजरे होऊन पुढे जाते. तिने स्वतः तीनचार नवख्यांना यावरून झापले होते. आता तिच्या हातात ओल्या कापडावरचे एक फिकट गुलाबी वर्तुळ उरले होते. डाग गेला म्हणावे तर गुलाबी होता. राहिला म्हणावे तर डाग कुठे होता? फवाऱ्याच्या नुसत्या जोरानेही तो तसा पसरला असता. प्रश्न जागच्या जागी होता, फक्त पुरावा तेवढा तिने स्वहस्ते नाहीसा केला होता.

ती टेबलाशी परतली. अर्धवट सोडलेले कवच रंगाने माखून वाट पाहत होते. पुढचे तिने कसे उरकले ते तिला नीटसे आठवले नसते. भानावर आली तेव्हा तपासणीचे प्रमुख शेजारी उभे होते. गळ्यात कायम भिंग अडकवलेले असे म्हणून सारे त्यांना भिंगकाका म्हणत. कवच पांढरेशुभ्र दिसत होते. लाल रेघ सोडाच, ठिपकाही नव्हता.

"झकास आलंय की गं," ते म्हणाले. "पाठव पुढे. सकाळपासून पुढच्या विभागाचे लोक दोनदा विचारून गेले."

"नको काका. पुन्हा करते."

"का? काय दिसलं तुला?"

"काहीच दिसलं नाही म्हणून तर. नीट पुसलं असतं तर थोडी गुलाबी झाक राहिली असती. हे नको इतकं पांढरं आहे. मी क्लीनर थेट मारला."

भिंगकाकांनी भिंग उचलले, कवचाऐवजी तिच्याकडे पाहिले आणि ते पुन्हा सोडून दिले. "तू?" एवढेच ते म्हणाले. मग, "कर पुन्हा. पहिल्यापासून."

तिने कवच पहिल्यापासून धुतले, रंगवले आणि हात बांधून थांबली. नीट पुसल्यावर त्याला रक्त आले नाही. त्या दिवशी जगात निदान एक कवच खरोखर चांगले निघाले.

घरी गेल्यावर तिने आधी आंघोळ केली. नखे ब्रशने घासली, मनगटे घासली, कानामागे घासले. कारखान्याचे कपडे बादलीत वेगळे टाकले. कपाटातून नवे पांढरे काढून घातले आणि मगच ती स्वयंपाकघरात आली. नवरा भाजी चिरत होता. आज डाग दिसला, असे तिने सांगितले.

"कोणता लाल?" तो म्हणाला. जिभेला सवय झाली होती. बोलून झाल्यावर त्याने सुरी खाली ठेवली.

"कळलं नाही. तपासायला गेले आणि क्लीनर मारून पुसून बसले."

"गेला ना पण क्लीनरनं? मग रंगच की."

"पसरला. पसरणं म्हणजे जाणं नव्हे."

"अगं, जाऊ ना आपण डॉक्टरकडे, मी नाही कुठे म्हणतोय? पण दर वेळी उगाच जीव—"

"उगाच," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "त्या पहिल्या वर्षीही सगळे हेच म्हणत होते. तूही. तेव्हा मला रक्त दिसत होतं, तुम्हाला उगाच दिसत होतं. आता मला भीती वाटते, तर तुम्हाला गंमत दिसते."

गाडी शिकणारा चुकीच्या क्षणी चुकीच्या पेडलवर पाय देतो, तेव्हा नवऱ्याचा होई तसा त्याचा चेहरा झाला. त्याने विचारले, "मग आता काय करायचं, सांग."

"थांबायचं. आता अंगाला रंग नाही, कपड्याला नाही. दिसलं तर जे असेल ते दिसेल."

मग दोघे आपापल्या कामाला लागली. भाजी शिजली. शेजारच्यांचा टीव्ही एकदा मोठा होऊन पुन्हा लहान झाला. तिने धुतलेले कपडे घडी घातले, मोडले आणि पुन्हा घातले. पाणी प्यायला म्हणून ती उठली तेव्हा तिला न्हाणीघराबाहेरचे स्टूल दिसले. त्यावर एका वाडग्यात गार पाणी होते, शेजारी थिनरची बाटली, आणि मध्ये कापसाचे दोन बोळे. कधी मांडले कोण जाणे. तो मांडणारा पाठमोरा उभा राहून आधीच पुसलेला ओटा पुसत होता.

जेवायला बसण्यापूर्वी ती न्हाणीघरात गेली. आतून हात काढून तिने एक बोळा घेतला, वाडगा घेतला आणि दार लोटले. या वेळी तिने काही शिंपडले नाही, काही ओतले नाही. ओला बोळा नव्या डागाच्या एका कडेला टेकवला आणि ती थांबली.

बाहेर आली तेव्हा तो दाराशीच उभा होता. हातात अजून ओट्याचे फडके होते.

"कोणता?" त्याने विचारले. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

"पाण्यानं गेला," ती म्हणाली.

पहिल्या खेपेसारखी नुसती पातळ त्वचाही असेल, हे ती त्याला सांगणार होती. ते खरेही होते. पण आधी तिने वाडग्यातले गुलाबी पाणी मोरीत ओतले आणि वाडगा विसळला. मग थिनरची बाटली उचलली, बूच घट्ट बसवले आणि ती माळ्यावर, होती तिथे, नेऊन ठेवली. बाटलीचे आता काम नव्हते.