पुडीचा गुण

सासूबाईंना कुणाचं ऐकून घ्यायची सवयच नाही. आमच्या शिवणकामाच्या दुकानात त्या मापं घेतात, कापड बेततात आणि येईल त्या बाईला फुकटचे सल्ले देतात. मशीनवर मान मोडायला मी आहेच. पाळी जाऊन वर्षं लोटली तरी त्यांच्या अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर धावून यायच्या. "या वयात कुणापुढे जाऊन झोपू?"

मग एके दिवशी स्वारी एकदम खुशीत. बाजारातल्या कुठल्याशा बाईकडून औषधाची पुडी आणून त्यांनी आत लावली होती म्हणे. "आग आग झाली, पण थांबलं बघ! निघाली होती मला डॉक्टरकडे न्यायला." हे मी महिनाभर ऐकलं.

आज कापड कापता कापता त्यांच्या हातातली कात्री गळून पडली. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओटीपोट टम्म. मशीन तसंच टाकून मी त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे दिसतंय ना, तो पू आहे. गर्भाशयात साठलाय."

"अहो, पण त्यांचं अंगावरून जाणं तर थांबलं होतं!"

"बाहेर यायचं थांबलं. वयामुळे गर्भाशयाचं तोंड अरुंद झालेलं असतंच. पुडीने तिथे भाजलं आणि ते चिकटून बंद झालं. आतलं आतच कोंडलं, त्यात जंतू वाढले. पिशवी फुटली तर जीवावर बेतेल."

महिनाभर ही बाई बरी झाले म्हणून मिरवत होती, आणि आत हे!

भूल देऊन त्यांनी ते तोंड उघडलं, नळीने पू काढला, सलाईनमधून औषधं सुरू केली. मुळात पांढरं का जात होतं, कॅन्सर तर नाही ना, हे पाहायला आतला तुकडा तपासणीला पाठवला.

संध्याकाळी सासूबाई शुद्धीवर आल्या. झालं ते सगळं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"अगं, उरलेली पुडी मी ताईला दिलीय. तिलाही तोच त्रास होता ना."

ताई म्हणजे माझी नणंद. मी लगेच तिला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"वहिनी, आईला सांग, पुडीचा गुण आला हं! कालपासून माझं साफ थांबलंय."