न झिजलेले खिळे

"त्या ब्रायनीकडे जरा लक्ष ठेव," हेस्टरची सासू ऑड्री म्हणाली होती. "हल्ली फार नीटनेटकं हसते ती."

"काहीतरीच तुमचं, ऑड्री! आता हसणंही वाईट?"

हेस्टर तशी काळजीचं पोतंच. झोपलेल्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. पण हसऱ्या मैत्रिणीची काळजी कोण करतं?

त्याच आठवड्यात रविवारी दोघी मैत्रिणी बाबागाड्या ढकलत रोमनांच्या पडक्या लष्करी ठाण्यावर गेल्या. लेक नेल व्हायच्या आधी ब्रायनी दर उन्हाळ्यात इथे उत्खननाला यायची, कोपरापर्यंत काळ्या चिखलात. तिकिटाच्या खिडकीतला म्हातारा वॉल्टर तिला ओळखायचा.

"या बायांनो! पोरं फुकट. रोमन असते तर त्यांच्यावरही कर बसवला असता."

ब्रायनी हसली. नीटनेटकं.

तिथल्या संग्रहालयात ती थेट चामडी जोड्यांच्या काचेच्या कपाटापाशी गेली. कोपऱ्यात तान्ह्या पोराचा, तळहाताएवढा एक जोडा होता.

"हा मी काढलेला. ओल्या मातीत जसाच्या तसा राहिला. तळाचे खिळे बघ, झिजलेच नाहीत."

"नवा असेल."

"किंवा पाऊल टाकायची वेळच आली नसेल." तिचं बोट काचेवर टेकलेलं होतं. "पोराचं काय झालं असेल, हे सगळे विचारतात. आईचं कोणी विचारत नाही."

हेस्टर तिच्याकडे वळली. "तू बरी आहेस ना गं?"

"मी? मजेत! तक्रार नाही."

या भागात 'तक्रार नाही' म्हटलं की विषय मिटला. परत विचारणं म्हणजे न बोलावता कुणाच्या स्वयंपाकघरात शिरणं. काचेवरचं बोट अजून निघालेलं नाही, हे हेस्टरला दिसत होतं. तिने विचारलं, "चहा घेऊ या?"

चहा आला तशी ब्रायनी उठली. "नेलकडे बघ जरा. ठाण्याच्या भिंतीपर्यंत जाऊन वारा खाऊन येते."

जाण्याआधी तिने दुधाची बाटली, लंगोट, लोकरीची टोपी टेबलावर ओळीने मांडली. जरा वारा खाऊन यायला एवढं कशाला? हेही हेस्टरला दिसलं. ब्रायनीने मागे वळून पाहिलं नाही.

भिंतीपलीकडे कडा आहे, खाली तळं. अंधार पडायच्या आत ती तळ्याच्या काठाला सापडली. उशीर होऊन गेला होता.

दफनाच्या दिवशी तिच्या नवऱ्याने, अ‍ॅलिकने, हेस्टरला एकच विचारलं. "तू होतीस ना तिच्याबरोबर?"

तेव्हापासून हेस्टर समोरून दिसली की तो रस्ता ओलांडतो. तिने दार वाजवलं, तर आतून दिवा मालवला गेला. ऑड्री एकदा रस्सा घेऊन गेली, तर भांडं धुऊन पायरीवर ठेवलेलं मिळालं.

दर रविवारी तो नेलला घेऊन त्या जोड्यापुढे उभा असतो. पोरगी आता चालते, पण तो तिला कडेवरून उतरवत नाही.

"मी विचारलं की त्याला," वॉल्टर परवा हेस्टरला म्हणाला. "मजेत आहे म्हणाला. हल्ली दाढीबिढी करून अगदी नीटनेटका येतो."

ब्रायनीबद्दल ऑड्री हेच म्हणाली होती.

तिला तो जवळ येऊ देत नाही. म्हणून त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तुम्हालाही सांगते: "कडेवर मुलगी घेतलेला माणूस त्या कपाटापाशी दिसला, तर थांबा. कसा आहेस, विचारा. तो म्हणेल, मजेत. तेवढ्यावर निघून जाऊ नका. परत विचारा."