चोखणीचं झाड

आमच्याकडे मूल तीन वर्षांचं झालं की आपली तोंडात धरायची रबरी चोखणी झाडाला देऊन टाकतं. बागेतल्या एका जुन्या झाडावर रिबिनींनी बांधलेल्या अशा शेकडो चोखण्या लोंबताहेत. सगळ्या डेन्मार्कात अशी झाडं आहेत, आणि एकदा दिलेली चोखणी कुणी परत घेत नाही. माझ्या नातीने, वीबाने, शनिवारी दिली. कागदी झेंडे लावले, केक कापला. माझी लेक रिक्के रडली. वीबा नाही रडली.

वीबा रडली ती रविवारपासून. झोपेना, जेवेना, सोमवारी पाळणाघरात एका मुलीला चावली. मंगळवारी दुपारी मी गेले तर रिक्के स्वयंपाकघरात फरशीवरच बसलेली आणि आतल्या खोलीतून वीबाच्या दारावर लाथा चाललेल्या.

"आई, खरं सांग. चांगली आई काय करते? ठाम राहते की जाऊन घेऊन येते?"

"घेऊन ये," मी म्हणाले.

"पण घरी मुलांना तपासायला येतात त्या नर्सबाई म्हणाल्या, आईने माघार घेतली की मुलाचा तिच्या शब्दावरचा विश्वास उडतो."

"मग ठाम राहा."

"अगं, काहीतरी एक सांग ना!"

एक काहीतरी मला कधी सांगता आलेलं नाही. मी दोन मुलं वाढवली, दोघंही माणसांत बसवण्याजोगी झाली. पण त्यात माझं किती आणि त्यांचं त्यांचं किती, हे मला कुणी विचारू नये.

रिक्के उठली, सायकल काढून गेली. परतली तेव्हा केसांत पानं अडकलेली. चोखणी उकळली, गार केली, वीबापुढे धरली. घरात एकदम शांतता. मला वाटलं, चला, हेच बरोबर होतं.

वीबाने चोखणी तोंडात घातली. काढली. उलटसुलट करून पाहिली.

"ही माझी नाही."

"तुझीच गं राणी. तपकिरी, निळी रिबीन."

"माझी मी चावलेली. हिला भोक नाहीये." मग तिने आईकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "तू दुसऱ्या बाळाची चोरलीस?"

इथे सगळ्यांची पोरं त्याच तपकिरी रबराच्या चोखण्या चोखतात, हे मला तरी आधी सुचायला हवं होतं. रिक्केने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"परत ठेवायची," वीबा म्हणाली. "आत्ता."

सायकलला पुढे लाकडी पेटी आहे, तिच्यात वीबा चोराला चौकीवर नेणाऱ्या शिपायासारखी ताठ बसली. मी मागून माझ्या सायकलवर. झाडाखाली रिक्केने ती परकी चोखणी मुकाट्याने बांधली. तेवढ्यात वीबाने बोट वर केलं. तिची स्वतःची चोखणी तिथेच होती, हातभर वरच्या फांदीला, कडेला भोक पडलेली.

"ती हवीय," वीबा म्हणाली.

रिक्केचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. "आई?"

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले, आणि खरंच माहीत नव्हतं.

रिक्केने चोखणी सोडून तिच्या हातात दिली. वीबाने ती गालाला लावली, हुंगली, तोंडाशी नेली. मग आईसमोर धरली. "आता बांध."

"नक्की?"

"बांध!"

रिक्केने गाठ मारायला घेतली आणि वीबाने असं भोकाड पसरलं की बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या. "घट्ट बांध!" ती रडत रडत ओरडत होती. "अजून घट्ट!"

परतताना तळ्याच्या वळणाला रडणं थांबलं. पेटीत वीबा तोंड उघडं टाकून झोपली होती. रिक्के घर ओलांडून पुढे गेली. थांबलो तर वीबा उठेल, म्हणून.

तळ्याभोवतीच्या दुसऱ्या फेरीला रिक्के माझ्या बाजूला आली, कुजबुजली, "आई, आज मी नेमकं काय बरोबर केलं?"

मला वाटलं, घट्ट बांधलंस ते. मग वाटलं, सोडून दिलीस ते. मग वाटलं, चोरलीस तेही असेल.

"समोर बघ," मी म्हणाले. "आणि पायडल मारत राहा."