मास्तरांची मान

चष्म्याच्या दुकानात लागून तिला दोन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिचं नाव पडलं होतं खात्रीबाई. कारण साधंच होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचं माप घेतलं की ती म्हणायची, "एकदा खात्री करते हं," आणि पुन्हा घ्यायची. मग आणखी एकदा. वीस वर्षं या धंद्यात मुरलेल्या काउंटरवरच्या ताई मागून म्हणायच्या, "अगं, माणसाला डोळे दोनच असतात. तू मोजतेस तरी किती?"

घरीही तेच. निघताना गॅस बघायचा, दोन वर्षांच्या लेकीच्या कपाळाला हात लावायचा, दारापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा लावायचा. सासूबाई नातीला कडेवर घेऊन म्हणायच्या, "जा आता. इतक्यांदा हात लावलास तर त्यानंच ताप येईल तिला."

तीन महिन्यांच्या बोलीवर तिला घेतलं होतं. ठेवायचं की नाही, ते मालक महिनाभरात ठरवणार होते. आणि ही नोकरी तिला हवी होती, नुसती पगारासाठी नव्हे. लेक झाल्यापासून लोकांनी तिला पुष्कळ काही विचारलं होतं. दात आले का, नीट झोपते का, अजून अंगावर पिते का. त्या सगळ्यात तिच्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. इथे निदान कुणीतरी समोर बसून विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं, ही फ्रेम बरी की ती?" तेवढ्यानंही तिचा दिवस जायचा.

मालक माणूस वाईट नव्हते. एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. "तुझं माप बरोबर असतं. पण तीनतीनदा घेतेस ना, मग गिऱ्हाइकाला वाटतं हिला काही येत नाही. ताईंकडे बघ जरा. आत्मविश्वास दिसला पाहिजे."

दिसला पाहिजे म्हटल्यावर तिनं तो दाखवायचं ठरवलं. अभ्यासात ती कधीच मागे नव्हती. ताई भुवई कशी उचलतात, खुर्चीकडे बोट कसं करतात, वाक्य कुठे तोडतात, सगळं तिनं टिपून घेतलं. सकाळी आरशासमोर म्हणून पाहिलं, "चला, बसा. ताठ. माझ्याकडे बघा. झालं."

नवरा दाराबाहेरून म्हणाला, "कुणाला झापतेयस?"

"कुणाला नाही. माप घेतेय."

आणि जमलं की. चार दिवस ती चार-चार मिनिटांत गिऱ्हाईक उठवत होती. ताई म्हणाल्या, "आत्ता कुठे माणसात आलीस." मालक घड्याळाकडे बघून मान डोलवायचे. तिला छान वाटायला हवं होतं. पण संध्याकाळी घरी पोचेपर्यंत जबडा दुखायला लागायचा, आणि दिवसभरात दुकानात कोण कोण येऊन गेलं, त्यातला एक चेहरा आठवेल तर शपथ. एरवी तिला कोण कुठल्या बाजूनं तोंड वळवून ऐकतं तेही लक्षात राहायचं.

पाचव्या दिवशी गल्लीच्या टोकाचे शिंपी आले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये रेघ नाही, अशी काच त्यांना हवी होती. या काचेत सगळा खेळ एका ठिपक्याचा. फ्रेम नाकावर ठेवायची, गिऱ्हाइकानं समोर बघायचं आणि बाहुलीच्या बरोबर समोर काचेवर पेननं ठिपका द्यायचा. त्यावरून वाचायचा भाग कुठे बसवायचा ते कारखान्यात ठरतं.

"ताठ बसा," ती म्हणाली.

मास्तर ओळखपत्राचा फोटो काढायला बसावं तसे बसले. छाती पुढे, हनुवटी वर. तिनं एकदाच ठिपका दिला. झालं.

आठवड्यानं नवा चष्मा घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी मास्तर परत आले. काचेच्या दारातून तिनं त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं. मान पुढे, हनुवटी छातीकडे, जणू चालता चालताही मशीनवरचं कापड सरकवत होते. चाळीस वर्षं वाकून शिवणाऱ्या माणसाची मान होती ती. त्या दिवशी खुर्चीत ही मान नव्हतीच.

"लांबचं झकास दिसतंय," मास्तर म्हणाले. "पण सुईत दोरा ओवायचा तर छताकडे तोंड करावं लागतं. गिऱ्हाईक विचारतं, मास्तर, वर पाल आहे का?"

ताईंनी हसून नेहमीचं उत्तर दिलं. "नवी काच आहे हो. होईल सवय. पंधरा दिवस वापरून बघा."

हे काही खोटं नव्हतं. पुष्कळांना होते सवय. मास्तरही मान हलवून निघालेच होते. मालक दोन हातांच्या अंतरावर बसून बिलं लावत होते. गप्प राहिलं तर पंधरा दिवस निघून जातील, तोवर नोकरीचंही ठरून जाईल. तिला सगळं कळत होतं. पण ही मान पंधरा दिवस छताकडे बघत राहणार, हेही तिला आत्ताच दिसत होतं, आणि एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मास्तर, थांबा," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "सवय नाही व्हायची. माप चुकलंय. मीच घेतलं होतं."

ताईंनी काउंटरखालून तिचा पाय दाबला. मालकांनी बिलांमधून डोकं वर काढलं.

तिनं मास्तरांना पुन्हा खुर्चीत बसवलं. ते लगेच ताठ झाले. तिनं पेन उचललंच नाही. "सध्या काय शिवताय?" तिनं विचारलं.

"एका वकिलाचा कोट. तिसऱ्यांदा सैल करतोय. माप देताना पोट आत ओढून उभा राहतो आणि मग कोट घट्ट झाला म्हणून माझ्यावर खेकसतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? त्याला म्हटलं, साहेब, परवाच्या खटल्याचं काय झालं? सांगायला लागला. अर्धा खटला होईस्तोवर पोट आपल्या जागी आलं. मग हळूच टेप लावली."

बोलता बोलता मास्तरांची मान पुढे आली, खांदे उतरले. तिनं ठिपका दिला. नवा ठिपका जुन्याच्या चार मिलिमीटर वर पडला; म्हणजे वाचायचा भाग तेवढाच खाली बसला होता. तिनं तो पुसला, त्यांना आणखी बोलू दिलं आणि पुन्हा दिला. तिथेच पडला.

"एकदा खात्री करते हं," ती सवयीनं म्हणाली.

"करा की. मला कुठे कोर्टात जायचंय."

मास्तर गेल्यावर मालक म्हणाले, "काच आता आपल्या खर्चानं जाणार."

"हो, सर."

"आणि चार गिऱ्हाइकांसमोर माझी चूक, माझी चूक करायची काय गरज होती?"

तिनं पेनला टोपण लावून ते काउंटरवर ठेवलं. "सर, मी ताईंसारखं करायला गेले. ताईंना ते शोभतं. माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्यांना कळलेला असतो, म्हणून त्यांना एकदाच घ्यावं लागतं. मला बघत बसावं लागतं. मला पंधरा मिनिटं लागतात. त्यापेक्षा कमी नाही होणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

बोलून झालं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. भीती गेली नव्हती. तरी सगळं बोलून झालं होतं.

"पंधरा?" मालक म्हणाले.

"कधी कधी वीस."

"बघा, वाढवतेय वर," ताई म्हणाल्या, पण आता त्या काउंटरवर कोपर टेकून तिच्याकडे निरखून बघत होत्या. मग मालकांना म्हणाल्या, "रेघ नसलेल्या काचा हिलाच घेऊ द्या. मला कंटाळा येतो त्या प्रकाराचा."

मालकांनी काहीच कबूल केलं नाही. मास्तरांची काच येऊ दे, मग बघू, एवढंच म्हणाले.

काच आठवड्यानं आली. मास्तरांनी चष्मा चढवला, कॉलरला टोचलेली सुई काढली, खिशातून दोरा काढला आणि मान जिथे असते तिथेच ठेवून ओवला. दुसरी सुई काढली, तीही ओवली. मग निघताना मालकांना म्हणाले, "वकिलाला पाठवतो इकडे. त्याला वेळ द्या म्हणावं."

मालकांनी बिलांची चळत बाजूला सारली. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगारावर. पण साडेनऊला यायचं."

तिच्या मनात हो म्हणून टाकायचं आलं. अगदी ओठांवर आलं.

"साडेनऊ नाही जमणार, सर," ती म्हणाली. "लेकीचं आवरून, तिला सासूबाईंकडे देऊन निघते. पावणेदहा होतात. संध्याकाळी तेवढं थांबेन."

आवाज याही वेळी कापला. तो थांबायची वाट न बघता ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची पुसायला वळली.

"बरं, पावणेदहा," मालक मागून म्हणाले.