मनोऱ्याशेजारी सतरा जण

मिस परपेतुआंच्या मॉन्टेसरीत काम करत बसलेल्या मुलाला हाक मारायची मनाई होती. कौतुक करायचीही मनाई होती. मूल एकदा रमलं की त्याच्या वाटेला जायचं नाही, शिंक आली तर ती व्हरांड्यात जाऊन द्यायची, अशी त्यांची शिस्त. इलोइलो शहरातल्या मोलो भागात, चर्चमागच्या त्या बैठ्या घरात तीस वर्षं त्यांनी ती पाळली आणि दुसऱ्यांना पाळायला लावली. घरच्यांना वर्षातून तीनदा पत्र जायचं. मूल बरं आहे, वाढतंय, काळजी नसावी, एवढाच मजकूर. घरची मंडळी तेवढ्यावर खूश असत.

मग दोन गल्ल्या सोडून दुसरी मॉन्टेसरी उघडली. तिथं तासातासाला फोटो. मूल काय खातं, कुठं बसतं, किती वेळा हसतं, सगळं घरच्यांच्या फोनवर. आता इलोइलोतल्या घरांत निम्मी माणसं घरी नसतातच. बाप जहाजावर, आई रियाधला नाहीतर हाँगकाँगला, आणि पोर लोलाच्या, म्हणजे आजीच्या, गळ्यात. अशा लोकांची वर्षाकाठी तीन पत्रांवर कशी बोळवण होणार? जूनमध्ये सहा मुलं पलीकडच्या शाळेत गेली आणि मिस परपेतुआंची तीस वर्षांची शिस्त आठवडाभरात मऊ पडली.

त्यांनी एदेलला बोलावलं. एदेल वर्गातली दुसऱ्या नंबरची टीचर, म्हणजे कामात पहिली आणि बोलण्यात शेवटची.

"टीचर एदेल, उद्यापासून रोज प्रत्येक मुलाचा एक फोटो आणि तीन ओळी. बाराच्या आत ग्रुपवर. पण लक्षात ठेव, मुलाला कळता कामा नये."

"मग मिस, ते फोनकडे बघून हसणार कसं?"

"हसायचं कशाला? काम करताना माणूस हसतो का?"

त्यामुळे पहिल्या आठवड्यात ग्रुपवर नुसत्या पाठी गेल्या. सतरा पाठी, सतरा डोकी. इलोइलोच्या माणसांचं एक आहे, राग आला की त्यांचा आवाज जास्तच गोड होतो. भांडण चाललंय की अंगाई, बाहेरच्याला कळत नाही. हा गोडवा लिहिण्यातही उतरतो, आणि मग प्रत्येक मुलगा 'तोतो' होतो, लहानमोठी प्रत्येक मुलगी 'इंदाय'. "टीचर, सहज विचारतेय हां, हे डोकं आमच्याच तोतोचं ना? भोवरा ओळखीचा वाटतो." दुसरी म्हणाली, "टीचर, फार सुंदर पाठ आहे. पुढची बाजू कधी बघायला मिळेल?"

पुढच्या आठवड्यात एदेलने मुलांना वळवलं. आता तोंडं दिसू लागली, पण त्याबरोबर हातातली कामंही दिसू लागली. कोणी एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओततंय, कोणी टेबल घासतंय. झायरस झाडू मारत होता. त्याची आई रियाधच्या इस्पितळात नर्स. तिचा निरोप आला, "टीचर, राग मानू नका हां. मी इथं लोकांची घाण उपसते ती पोरानं तिथं केर काढावा म्हणून नाही. माझी ड्यूटी संपते तेव्हा तुमचा फोटो येतो. तो बघून मला झोप लागायला हवी ना?"

एदेलला तिचं काही चुकलं असं वाटेना. चूक शोधायचीच तर ती तीन ओळींत होती. त्या ओळी लिहायला एदेल भलतीच तरबेज झाली होती. पोरगं अर्धा तास भिंतीवरच्या पालीकडे टक लावून बसलं, तर 'तोतोने आज निरीक्षणाचा दीर्घ अनुभव घेतला.' एकानं दुसऱ्याला कडकडून चावलं, तर 'आज मुलांमध्ये जवळीक वाढली.'

आणि मग मनोरा सापडला.

दहा गुलाबी लाकडी ठोकळे. सगळ्यांत मोठा खाली, सगळ्यांत छोटा, बोराएवढा, वर. एके दिवशी झायरस अशा रचलेल्या मनोऱ्याशेजारी नाकात बोट घालून बसला होता. एदेलने बोट काढायला लावून फोटो घेतला. ग्रुपवर बदाम बरसले. रियाधहून उत्तर आलं, "आज झोप लागेल." तासाभरात आणखी पाच आयांनी सहज विचारलं, की आमचं मूल मनोऱ्यापर्यंत अजून पोचलं नाही का?

आता मॉन्टेसरीत नियम असा, की वर्गात प्रत्येक वस्तू एकच. मनोरा एकच. एकानं घेतला की दुसऱ्यानं थांबायचं, थांबायला शिकायचं. नियम चांगला, पण सतरा घरांना बाराच्या आत मनोरा हवा असेल तर त्याचं काय करायचं, ते मॉन्टेसरीच्या पुस्तकात नाही. शिवाय बहुतेक पोरांचा चौथा ठोकळा ठेवता ठेवता तिसरा पडायचा, आणि उरलेले ठोकळे खिडकीतून जायचे.

दालिसायचा मात्र पडत नसे. साडेचार वर्षांची, काळीसावळी, अबोल पोर. ती रोज साडेदहाला चटई अंथरी, एकेक ठोकळा दोन्ही हातांनी आणी, आणि जीभ बाहेर काढून मनोरा रचे. तिला कोणी अडवत नसे, कारण तिचा फोटो काढायचाच नव्हता. बाप रेनांते कोळसा वाहणाऱ्या जुन्या जहाजावर, जिथं खलाशांना इंटरनेट नाही. आईने मनिलाला दुसरा संसार मांडलेला, तिचं नावही घरात निघत नसे. घरी फक्त लोला पासिंग, चर्चसमोर इबोस, म्हणजे झावळीत गुंडाळलेला चिकट भात, विकणारी. बापाची हौस, की कॅप्टनची मुलं जातात त्याच शाळेत आपली जावी. प्रवेशाच्या वेळी मिस परपेतुआंनी विचारलं, निरोप कुठल्या फोनवर पाठवायचे? लोलाने आपलं बटणांचं डबडं दाखवलं. तेव्हापासून दालिसायच्या नावापुढे 'गरज नाही' असं लिहिलेलं होतं.

अख्ख्या वर्गात मिस परपेतुआंच्या शिस्तीप्रमाणे वाढणारी तेवढीच एक मुलगी उरली होती, आणि तीही कोणाच्या लक्षात न आल्यामुळे.

तिचा मनोरा झाला की एदेल उरलेल्या सतरा जणांना एकेक करून शेजारी बसवी. दालिसायलाही हा कामाचाच भाग वाटू लागला. शेवटचा ठोकळा ठेवला की उठायचं, फ्रॉक झटकायचा आणि पुढच्याला हाक मारायची. पाच महिने असं चाललं. ग्रुपवर आनंदीआनंद होता. पलीकडे गेलेल्या दोन मुलांच्या घरच्यांनी पुढच्या वर्षासाठी परत नावं घातली.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सव्वाअकराला, लोला पासिंग व्हरांड्यात येऊन उभी राहिली. हातात शेजारच्या ग्लोरीचा फोन होता. ग्लोरीचा नातू याच वर्गात. लोलाचा आवाज इतका गोड होता की एदेल हातातलं काम टाकून बाहेर आली.

"टीचर, कामात आहेस ना इंदाय? दोनच मिनिटं हां. माझ्या रेनांतेचं जहाज डर्बनला लागलंय. त्यांच्याकडे आत्ता पहाट आहे. आपले बारा वाजले की ते सुटणार."

"अरे वा, लोला! बोललात का त्याच्याशी?"

"बोलले ना. ग्लोरीनं तुमच्या त्या ग्रुपातलं सगळं त्याला पाठवलं. रात्रभर जागून त्यानं सगळे फोटो बघितले म्हणे. जूनपासूनचे. सगळ्यांची पोरं आहेत, त्याची नाही. एकाही फोटोत नाही." लोला हसली. "मला विचारतो, नानाय, खरं सांग, पोर शाळेत जाते ना? की तिला भाताच्या टोपलीशी बसवतेस? माझ्या पोटचा मुलगा हां टीचर, आईला असं विचारतो."

मिस परपेतुआ मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "लोला, आमच्याकडे प्रत्येक मूल आपापल्या गतीनं जातं."

"जाऊ दे की मिस, जाऊ दे. पण गेलं तर दिसेल ना?" लोला एदेलकडे वळली. "आणि दुसरं एक. पोर खोटं बोलायला लागलीय. रोज घरी येऊन सांगते, मनोरा मी बांधला, मी बांधला. ग्लोरी मला फोटो दाखवते. आज झायरसचा, उद्या तिच्या नातवाचा, सगळ्यांचा मनोरा. हिचा कुठाय? मी रेनांतेलाही सांगितलं, खोटं बोलते म्हणून. रविवारी तिला देव्हाऱ्यातल्या सांतो निन्योसमोर गुडघ्यावर बसवलं, अर्धा तास. तरी म्हणते, मीच बांधला. असला हट्ट!"

एदेलने तोंड उघडलं. मग मिस परपेतुआंकडे पाहिलं, त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या सतरा कुटुंबांच्या यादीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. एवढा भित्रेपणा आपल्यात आहे हे तिला माहीत होतं, पण तो असा उन्हात उभा राहिलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला. स्वतःची तिला किळस आली.

"एक फोटो दे ना इंदाय," लोला म्हणाली. "बाराच्या आत."

एदेल आत गेली. चटईवर मनोरा जवळजवळ झाला होता. दालिसायने बोराएवढा ठोकळा दोन बोटांत धरला, श्वास रोखून वर टेकवला, उठली, फ्रॉक झटकला.

"टीचर, आज पहिला कोण?"

"आज तू, इंदाय. बस."

"मी? पण माझं झालं की."

"झालं ना, मग शेजारी बस. बाबांना फोटो पाठवायचाय."

दालिसाय बसली नाही. तिनं दाराकडे पाहिलं, तिथं लोला उभी होती. मग हळूच म्हणाली, "टीचर, मी बसले तर ते खोटं होईल ना? लोला म्हणते, मनोरा माझा नाही."

एदेलने पोरीला खांदे धरून बसवलं. सतरा जण फोनकडे बघून दात काढायला शिकले होते, हिला ते कोणी शिकवलं नव्हतं. ती मनोऱ्याकडेच बघत राहिली, पडेल की काय म्हणून. तसाच फोटो निघाला. अकरा चाळीसला एदेलने ग्लोरीच्या फोनवरून नंबर घेऊन तो रेनांतेला पाठवला आणि तीन ओळी लिहिल्याच नाहीत.

लोला, एदेल आणि मिस परपेतुआ व्हरांड्यात उभ्या राहिल्या. अकरा एकावन्नला उत्तर आलं. लोलाला वाचता येईना, एदेलने वाचून दाखवलं.

'टीचर, फार आभार. केवढी मोठी झाली. नानायवर मी उगाच संशय घेतला, तिला सांगा. ग्रुपात बघितलं, सगळ्यांची मुलं मनोरा बांधतात, माझीच मागे आहे. असू दे. मी घरी नाही, कोण शिकवणार तिला. खोटं बोलते तेही लाजेपोटी असेल, रागावू नका. आज तिला दुसऱ्याच्या मनोऱ्याजवळ बसू दिलंत, उपकार झाले.'

लोलाने डोळे पुसले. "बघ, किती समजूतदार आहे माझा पोरगा."

"लोला," एदेल म्हणाली, "मनोरा दुसऱ्याचा नाही. तो तिनंच बांधलाय. रोज तीच बांधते. जूनपासून. बाकीचे नुसते शेजारी बसतात. मी बसवते."

"टीचर एदेल," मिस परपेतुआ हलक्या आवाजात म्हणाल्या, "आपण 'बांधला' म्हणत नाही. 'अनुभवला' म्हणतो."

त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. लोलाने हातातला ग्लोरीचा फोन कठड्यावर ठेवला. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात गोडव्याचा लवलेश नव्हता. इलोइलोत असा आवाज एदेलने आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"मी तिला गुडघ्यावर बसवलं. अर्धा तास. आणि ती रडलीसुद्धा नाही." मग म्हणाली, "त्याला सांग. आत्ता लिही."

एदेलने लिहिलं. दोनदा खोडावं लागलं. 'मनोरा तुमच्या मुलीनं बांधला आहे. ग्रुपातला प्रत्येक मनोरा तिचाच आहे. ती खोटं बोलत नाही, आम्ही बोललो.' पाठवलं. एक टिक आली. घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

"दुसरी टिक कधी येते?" लोलाने विचारलं. ग्लोरीकडून तिला तेवढं कळलेलं होतं.

"जहाज पुढच्या बंदराला लागलं की."

"कधी लागेल?"

"तीन आठवडे तरी, लोला."

"तीन आठवडे," लोला म्हणाली. "तीन आठवडे माझा रेनांते इंजिनात घाम गाळत मनात म्हणणार, माझीच मागे आहे."

एवढ्यात एदेलच्या हातातला फोन वाजला. दोघी एकदम पडद्यावर वाकल्या.

"काय म्हणतोय? मिळालं का त्याला?"

"तो नाही, लोला."

रियाधहून निरोप होता. 'टीचर, सहज विचारतेय हां, आज आमच्या तोतोचा मनोरा नाही आला? मी जागी आहे.'

एदेलने मान वर केली. आत चटईवर दालिसायने झायरसला मनोऱ्याशेजारी नेमक्या जागी बसवलं होतं. त्याची कॉलर सरळ केली, नाकातलं बोट काढलं, आणि स्वतः मागे सरकून, आपली सावलीसुद्धा पडू नये अशी, भिंतीला चिकटून उभी राहिली.

"टीचर, हा तयार आहे," ती म्हणाली. "पटकन काढा. त्याला शू लागलीय."

एदेलने फोन बंद केला आणि झायरसला शू करायला घेऊन गेली.